चुकाऱ्याचे पैसे आणि लाल प्रकाशाचा पट्टा

वाचक भगिनीचे पत्र (दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ):

"सासूबाईंचे वय ६२, वजन ७४ किलो. त्यांचा सारा जन्म निंदण, वेचणी आणि डोक्यावर पाणी वाहण्यात गेला. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा अधिक. फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी गादी झिजल्याचे सांगितले. बीपीची आणि साखरेची गोळी चालू आहे. 'बसलं का उठता येत नाही, अन् उठलं का बसता येत नाही,' असे त्या म्हणतात. आठवडी बाजारात एकाने लाल प्रकाशाचा पट्टा दाखवला. रोज अर्धा तास गुडघ्याला गुंडाळला की तीन महिन्यांत गादी भरून येते आणि ऑपरेशन टळते, असे तो सांगतो. किंमत साडेचौदा हजार. यजमान म्हणतात, कापसाचा चुकारा आला आहे, आईसाठी घेऊन टाकू. घ्या म्हणायला धीर होत नाही, आणि नको म्हणायला जीभ उचलत नाही. काय करावे?"

ताई,

हा पट्टा या चुकाऱ्यातून घेऊ नका. यजमानांना हे सांगणे तुम्हाला जड जाईल, कारण त्यांनी आईसाठी पैसा बाजूला काढला आहे आणि त्या मायेला नकाराने ठेच लागते. म्हणून केवळ नको एवढेच न लिहिता त्यामागची कारणे सविस्तर लिहिते, म्हणजे हे उत्तर तुम्ही त्यांच्यासमोर आणि सासूबाईंसमोर वाचून दाखवू शकाल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. लाल आणि त्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाने उपचार करणे ही मुळात भोंदूगिरी नाही. हंगेरीतील बुडापेस्ट येथे एंड्रे मेस्टर या डॉक्टरांनी १९६७ च्या सुमारास उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर मंद लेसरचा प्रकाश सोडला, तेव्हा प्रकाश पडलेल्या जागी केस लवकर उगवल्याचे त्यांना दिसले आणि तेथून या विद्येचा आरंभ झाला. फिजिओथेरपीच्या विभागांत आम्ही मंद शक्तीचा लेसर वापरतो, तो याच घराण्यातला. पेशीच्या आत ऊर्जा तयार करणारी जी सूक्ष्म केंद्रे असतात, त्यांतील एक विकर (एन्झाइम, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) हा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे पेशीचे ऊर्जाकार्य सुधारते आणि सूज व वेदना निर्माण करणाऱ्या रसायनांचा जोर कमी होतो, अशी याची आजची मांडणी आहे. तेव्हा त्या विक्रेत्याच्या बोलण्यात थोडे खरे आहे, आणि नेमके म्हणूनच ते अधिक जपून तपासावे लागते.

गुडघ्याच्या झिजेवर या प्रकाशाचा किती उपयोग होतो, याबाबत अभ्यासकांमध्ये एकमत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात मंद लेसरचा उपयोग खोट्या, म्हणजे बंद ठेवलेल्या यंत्राहून अधिक आढळला नाही. पुढे २०१९ मध्ये नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात २२ चाचण्यांतील १०६३ रुग्णांचे आकडे एकत्र करून मांडले, तेव्हा खोट्या यंत्राच्या तुलनेत खऱ्या लेसरने वेदना शंभराच्या मोजपट्टीवर सरासरी १४ अंकांनी कमी झाल्याचे दिसले. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. प्रकाशाची मात्रा ठरलेल्या शिफारशीइतकी होती ते अभ्यास आणि नव्हती ते अभ्यास त्यांनी वेगळे करून पाहिले, आणि फायदा मुख्यतः योग्य मात्रेच्या अभ्यासांत आढळला. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने मात्र २०२२ च्या सूचनांत झिजेच्या संधिवातासाठी लेसर देऊ नये, पुरावा पुरेसा नाही, असेच म्हटले आहे. या साऱ्याचा अर्थ मी असा लावते: मात्रा बरोबर असेल तर काही रुग्णांचे दुखणे काही आठवड्यांसाठी कमी होते. सासूबाईंचे दुखणे आज दहापैकी सहा असेल, तर ते साडेचारच्या आसपास येण्याची आशा धरता येईल. दीड अंक हा लहान नाही. रात्री झोप लागण्यात आणि न लागण्यात तेवढेच अंतर असू शकते. पण 'गादी भरून येते' हे वाक्य याहून फार निराळे आहे.

ते वाक्य खोटे आहे. सांध्याच्या कूर्चेला, जिला आपण गादी म्हणतो तिला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. म्हणून ती एकदा झिजली की त्वचेसारखी किंवा हाडासारखी भरून येत नाही. वर सांगितलेल्या अभ्यासांचा फायदा वेदनेत आणि हालचालीत मोजलेला आहे. प्रकाशाने माणसाच्या गुडघ्यात नवी गादी तयार होते, असे कोणत्याही विश्वासार्ह अभ्यासाने सिद्ध केलेले नाही. ऑपरेशन टळण्याचे आश्वासनही याच तऱ्हेचे आहे. ज्याचा विक्रेता पहिल्याच दमात अशी दोन आश्वासने देतो, त्या पट्ट्याच्या खोक्यावरील इतर मजकुरावरही मी सहजी विश्वास ठेवणार नाही.

आता मात्रेविषयी, कारण साडेचौदा हजारांचा प्रश्न येथेच निकालात निघतो. प्रकाशाची शक्ती आणि तो किती वेळ पडला, या दोहोंच्या गुणाकारावरून ज्यूल या ऊर्जेच्या मापात मात्रा ठरते. गुडघ्यासाठी ७८५ ते ८६० नॅनोमीटर तरंगलांबीचा (तरंगलांबी म्हणजे प्रकाशाचा प्रकार सांगणारा आकडा) लेसर असेल, तर सांध्याच्या कडेच्या प्रत्येक बिंदूवर साधारण ४ ते ८ ज्यूल इतकी मात्रा उपयोगी ठरली आहे. म्हणजे यंत्रातून १०० मिलिवॅट प्रकाश बाहेर पडत असेल तर एका बिंदूवर ४० सेकंदांत ४ ज्यूल मिळतात. १० मिलिवॅटच पडत असेल तर त्यालाच ४०० सेकंद, म्हणजे जवळपास सात मिनिटे लागतात. तेव्हा 'अर्धा तास गुंडाळा' या सूचनेला स्वतंत्र असा काही अर्थच नाही. अर्ध्या तासात किती प्रकाश कातडीवर पडला, हे कळल्याशिवाय ती सूचना म्हणजे किती गोळ्या घ्यायच्या हे न सांगता 'रोज औषध घ्या' म्हणण्यासारखी आहे. शिवाय या उपचारात जास्त म्हणजे चांगले असे नसते. एका मर्यादेपलीकडे प्रकाश वाढवला तर परिणाम वाढण्याऐवजी घटतो, असे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे.

खोक्यावर बहुधा '६० एलईडी, ३०० वॅट' अशा प्रकारचा मोठा आकडा छापलेला असतो. तो दिव्यांच्या क्षमतेचा किंवा विजेच्या खर्चाचा असतो. कातडीवर पडणाऱ्या प्रकाशाचा नव्हे. तुम्हाला हवे असतात ते तीन आकडे निराळे: तरंगलांबी किती नॅनोमीटर, कातडीला टेकवल्यावर दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिवॅट, आणि त्यानुसार एका जागी किती मिनिटे. विक्रेत्याला हे तीन प्रश्न विचारा. त्याला उत्तर देता आले नाही, तर पुढे बोलण्याची गरज उरत नाही. पट्ट्यात फक्त डोळ्यांना ठळक दिसणारा लाल प्रकाश असेल, म्हणजे ६३० ते ६६० नॅनोमीटरचा, तर तो कातडीत काही मिलिमीटरच जातो. त्यातही आपल्याकडच्या सावळ्या कातडीतील रंगद्रव्य त्याचा बराच भाग वरच्या वर शोषून घेते. सांध्यापर्यंत काही पोहोचवायचे तर अवरक्त प्रकाश हवा, आणि तो जवळपास दिसत नाही. त्यामुळे बाजारात पट्टा लावून 'पाहा किती लाल पेटतो' असे दाखवणे हा त्याच्या गुणाचा पुरावा होऊच शकत नाही. आणखी एक अडचण अशी, की ज्या चाचण्यांच्या आधारावर मी वर आशेची गोष्ट लिहिली, त्या मुख्यतः लेसरच्या आहेत आणि तो सांध्याच्या कडेवर बिंदू धरून दिलेला आहे. एलईडीच्या घरगुती पट्ट्यांना तो फायदा जसाच्या तसा लागू होतो असे धरून चालता येत नाही.

आपल्या भागात याबाबत एक गल्लत फार होते, म्हणून थोडे विषयांतर करते. औषधाच्या दुकानात शेकासाठी जो मोठा लाल दिवा मिळतो, तो या उपचारातला नव्हे. तो उष्णता देतो, उष्णतेने स्नायू सैल पडतात आणि थोडा वेळ बरे वाटते, एवढेच त्याचे काम. थंडीच्या दिवसांत तो वापरायला हरकत नाही, मात्र सासूबाईंना साखर आहे. साखरेने पायांची संवेदना मंदावलेली असली तर चटका बसल्याचे कळतच नाही, आणि मग कातडी भाजून जखम चिघळते. त्यांच्या पायाला गरम-गार नीट कळते का हे आधी पाहा, दिवा दीड ते दोन फूट लांब ठेवा आणि वीस मिनिटांपेक्षा अधिक शेक देऊ नका. पौष-माघात सकाळी अंगणात उन्हाला पाय करून बसण्याची आपली सवयही चांगली आहे. उन्हात लाल आणि अवरक्त प्रकाश असतोच. त्याची मात्रा मोजता येत नाही, पण गुडघ्याचा आखडलेपणा सैल होतो आणि त्याला पैसे लागत नाहीत.

ज्या गोष्टींचा उपयोग जगभरातल्या जवळपास प्रत्येक मार्गदर्शनात निःशंकपणे सांगितला आहे, त्या सासूबाईंनी अजून सुरूच केलेल्या नाहीत, असे तुमच्या पत्रावरून वाटते. त्यात व्यायाम पहिला. मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा खरा आधार आहे. दुखते म्हणून पाय कमी वापरला की तो स्नायू रोडावतो, आणि मग सांध्यावरचा भार आणखी वाढतो. सासूबाईंना बाजेवर बसवा, पाय खाली सोडू द्या आणि एक पाय हळूहळू सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत ताणून धरायला सांगा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. दुसरा व्यायाम झोपून करायचा: गुडघ्याखाली लुगड्याची घडी गुंडाळून ठेवावी आणि गुडघ्याने ती खाली दाबावी, पाच आकडे धरावे, सोडावे. तिसरा व्यायाम खुर्चीवरून हाताचा आधार शक्य तितका कमी घेत उठण्याचा आणि बसण्याचा. सुरुवातीचे दोन आठवडे थोडे दुखेल. व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरत असेल तर घाबरू नये. उतरत नसेल किंवा गुडघा सुजत असेल तर संख्या निम्म्यावर आणावी. माझ्याकडे येणाऱ्या बाया 'दिवसभर वावरात राबतो, आणखी व्यायाम कशाला' असे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला कळते. पण वाकून निंदण्यात आणि उकिडवे बसण्यात गुडघा दाबला जातो, मांडीचा हा स्नायू हवा तसा बांधला जात नाही. म्हणून दिवसभर राबूनही हा व्यायाम वेगळा करावाच लागतो.

वजनाचे बोलायला तुम्हाला सून म्हणून संकोच वाटेल, म्हणून मीच लिहिते. २००५ मध्ये अमेरिकेत स्थूल आणि गुडघे झिजलेल्या वयस्कर रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की वजन एक किलोने उतरले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. ७४ किलोंचे ७० झाले तरी दर पावलाला सोळा किलोंचे ओझे उतरते. रात्रीच्या जेवणात भात आणि तेलाची तर्री कमी करून सुरुवात करावी. साखर असल्याने डॉक्टरांनी तसेही हेच सांगितले असणार.

काठी घ्यायला बहुतेकांना लाज वाटते, ती वाटू देऊ नका. उजवा गुडघा अधिक दुखतो तर काठी डाव्या हातात हवी, म्हणजे उजवे पाऊल टेकताना भार काठीवर वाटला जातो. संडासात उकिडवे बसणे या गुडघ्याला सर्वांत छळते. मध्ये भोक असलेली लोखंडी किंवा प्लास्टिकची खुर्ची भांड्यावर ठेवली तर सासूबाईंचा सकाळचा त्रास पहिल्याच दिवशी कमी होईल. चूल जमिनीवर असेल तर गॅसची शेगडी उंचावर मांडा. काठी, ही खुर्ची आणि तालुक्याला जाण्या-येण्याचे भाडे, हे सारे मिळून पट्ट्याच्या किमतीच्या लहानशा भागात बसते. चुकाऱ्यातून आईसाठी खर्च करायचाच आहे तर यजमानांनी तो येथे करावा. त्यात त्यांची मायाही पोहोचेल आणि आईचा गुडघाही.

दुखणे वाढेल तेव्हा डायक्लोफिनॅकचे मलम दिवसातून तीन-चार वेळा गुडघ्यावर लावावे. ते जनऔषधी केंद्रातही स्वस्त मिळते. दुखण्याच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणून देऊ नका. बीपी आणि साखर असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर त्या गोळ्यांचा ताण पडतो आणि बीपीही वाढतो. नावगाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडला, तर त्यात स्टेरॉइड असण्याचीच भीती अधिक, आणि त्याने साखर भडकते.

डॉक्टरांनी फोटो पाहून झीज सांगितली आहे, तरी एक तपासणी तुम्ही स्वतः करा. सकाळी उठल्यावर गुडघ्यांसोबत हातांची बोटेही अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेली राहतात का? तसे असेल तर तो आमवात असू शकतो आणि त्याची औषधे पूर्णपणे निराळी आहेत. गुडघा लाल, गरम होऊन ताप येत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शेक, प्रकाश, मालीश काहीही करू नये. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते आणि त्यानेही सांधे व पाठ आखडते, म्हणून घरात आणखी कोणाची हाडे दुखत असतील तर पाण्याची तपासणी करून घ्या. विदर्भात सिकलसेल आणि चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी हीसुद्धा पुष्कळ घरांत आहे. या प्रत्येक दुखण्याला विक्रेत्याकडे तोच एक पट्टा असतो, हे यजमानांना आवर्जून सांगा.

इतके करूनही प्रकाशाचा उपयोग करून पाहावासा वाटला, तर यंत्र विकत घेण्याऐवजी उपचार घ्या. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात लेसरची सोय सध्या आहे का, याची आधी चौकशी करा. तेथे यंत्राची मात्रा मोजलेली असते आणि हात प्रशिक्षित असतो. तीन-चार आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा जाणे वेचणीच्या दिवसांत जमणार नाही, हे मला ठाऊक आहे; वेचणी आटोपल्यावर जा. प्रकाश देताना गुडघा थोडा वाकवलेला आणि उघडा असावा, कारण लुगड्यावरून दिलेला प्रकाश कापडातच अडतो. आधी चोळलेले तेल आणि बाम धुऊन टाकावे. डोळ्यांवर चष्मा हवा आणि नातवंडे त्या वेळी जवळ नकोत, कारण लेसरकडे थेट पाहिल्याने डोळ्याच्या पडद्याला इजा होते आणि अवरक्त प्रकाश दिसत नसल्याने डोळा आपोआप मिटतही नाही. त्या भागात कर्करोगाची गाठ असेल, किंवा उन्हाने अंगावर पुरळ उठवणारे एखादे औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपचार करू नये.

आणि काहीही सुरू करण्याआधी आजच एक मोजमाप करून ठेवा. टेकू असलेली खुर्ची भिंतीला लावा, सासूबाईंना हात छातीवर घडी करून बसायला सांगा आणि ३० सेकंदांत त्या किती वेळा पूर्ण उभ्या राहून पुन्हा बसतात ते मोजा. हाताच्या आधाराशिवाय एकदाही जमले नाही तर शून्य लिहा, त्यात वाईट वाटून घेऊ नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेत तो आकडा आणि रात्रीचे दुखणे दहापैकी किती हे लिहून ठेवा. व्यायाम चार आठवडे झाल्यावर पुन्हा मोजा, आणि दोन्ही वेळचे आकडे मला पत्राने कळवा. त्यावरून पुढचे व्यायाम कोणते आणि किती, हे मी लिहून पाठवीन.